चौलची जकात आणि कारखानदारांचं गाऱ्हाणं

(चौल इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांपैकी दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)



मघाशी रामेश्वराच्या पुष्करणीपाशी जरा टेकलो होतो. शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "आज विषय काय?" मी म्हटलं, "उद्योगपती सरकारकडे काय मागतात, आणि त्यातलं देशाच्या कामाचं किती असतं." ते म्हणाले, "मग इथे कशाला आलात? तो विषय मुंबईचा." मला ते थोडंसं लागलं. कारण मुंबई जेव्हा सात बेटं आणि खाजण होती, तेव्हा मुंबईचं काम चौल करत होतं. परदेशी जहाजं इथे लागायची, रेशीम इथे विणलं जायचं, घोडे इथे उतरायचे. आणि व्यापारी सरकारविषयी जी तक्रार करतो, ती या किनाऱ्यावर लेखी स्वरूपात सापडते. म्हणून सुरुवात इथूनच करतो.

कोकणातल्या खारेपाटणला एक ताम्रपट सापडला. शके १०१६, म्हणजे इसवी सन १०९४-९५ चा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव याचा. त्यात देवळाला गाव दिलंय किंवा ब्राह्मणाला जमीन दिलीय असं नाही. त्यात जकातमाफी आहे. भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांची जहाजं स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूली या बंदरांत आली तर त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये, असा तो हुकूम आहे. स्थानक म्हणजे ठाणं, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि चेमूली म्हणजे आपण जिथे बसलोय ते. नागपूर म्हणजे विदर्भातलं नव्हे हं. कोणी नागाव म्हणतं, कोणी नागोठणं. नागावकरांनी आपल्या बाजूने धरायला माझी हरकत नाही.

आता गंमत बघा. हे दोघं भाऊ कोण? नावातच श्रेष्ठी आहे, म्हणजे व्यापारी. पण त्याच ताम्रपटात ते राजाचे प्रधानही आहेत. जकात माफ करून मागणारा आणि जकातीचा कारभार बघणारा, एकाच घरातला. नऊशे वर्षांपूर्वी.

मी यावर नुसती टीका करत नाही. अशा माफीचा राज्याला फायदाही होऊ शकतो. जहाजं ठाण्याऐवजी दुसऱ्या राजाच्या बंदरात जात असतील तर जकात सोडून ती आपल्याकडे ओढणं हा शहाणपणाचा हिशेब असतो. पण मग ती सवलत सगळ्यांच्या जहाजांना द्यायला हवी. दोघा भावांच्या जहाजांना दिली, तर बाकीच्या जहाजमालकांचं काय? ते तीच जकात भरून त्याच पेठेत माल विकणार. म्हणजे बंदराची ताकद वाढली नाही, फक्त एका घराची वाढली. हा फरक आज संध्याकाळभर लक्षात ठेवा.

याच बंदराच्या बाबतीत दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. अल मसूदी नावाचा अरब प्रवासी इसवी सन ९१६च्या सुमाराला इथे आला. तो चौलला सैमूर म्हणतो. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते असं तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेले. त्यांच्या समाजाचा एक प्रमुख असे. त्याला हिंदू राजा नेमायचा आणि त्यांचे तंटे तो त्यांच्या रीतीने सोडवायचा. विचार करा, परक्या मुलखात माल घेऊन आलेल्या माणसाला काय पाहिजे असतं? जकात दोन टक्के कमी असावी हे पाहिजेच. पण त्याहून जास्त त्याला हे पाहिजे असतं, की भांडण झालं तर निवाडा कोण करणार, कशाच्या आधारे करणार, हे आधी माहीत असावं. शिलाहारांनी ते दिलं. ते कोणा एका श्रेष्ठीला दिलं नाही, येणाऱ्या प्रत्येकाला दिलं. आजच्या भाषेत याला आपण स्पर्धाक्षमता म्हणतो. हा शब्द जड आहे. अर्थ एवढाच, की माझा माल, माझं बंदर, माझा देश दुसऱ्यासमोर टिकतो की नाही.

आणि तिसरा गवाह रशियन आहे. अफनासी निकितिन, त्वेरचा व्यापारी, १४६९च्या सुमारास चौलला उतरला. बरोबर एक घोडा होता, विकायला आणलेला. तो घोडा जुन्नरला तिथल्या खानाने काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत, अशी अट घातली. कोणा खोरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून सुटका झाली. पण मला त्याची दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. तो लिहितो त्याचा आशय असा: मिरी आणि रंग इथे स्वस्त आहेत, पण काहींना जकात पडत नाही, आम्हाला मात्र ती भरल्याशिवाय सोडणार नाहीत, जकात भारी आहे, आणि समुद्रावर चाचे पुष्कळ. बघा, पाचशे वर्षांहून जुनं गाऱ्हाणं आहे, आणि आजही कुठल्याही व्यापारी मंडळाच्या निवेदनात घातलं तर कोणाला खटकणार नाही. नियम सगळ्यांना सारखा नाही, कर जास्त आहे, रस्ता सुरक्षित नाही आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर धंदा चालतो.

पोर्तुगीजांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. रेवदंड्याचा कोट रोज बघता. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. त्यांचं व्यापारी धोरण म्हणजे कार्ताझ. समुद्रात जहाज घालायचं तर आमचा परवाना घ्या, आमच्या नाक्यावर जकात भरा, नाहीतर जहाज आणि माल जप्त. तोफेच्या जोरावर मिळवलेली मक्तेदारी. चौल काही काळ भरभराटलं, पण ती भरभराट परवान्याला बांधलेली होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रजांच्या हाती गेली आणि कंपनीने विणकरांना बोलवायला सुरुवात केली, तेव्हा चौलचे विणकर तिकडे जाऊन वसले. विणकरांनी कुठे निवेदन दिलं नाही, परिषद भरवली नाही. माग उचलला आणि होडीत बसले. मोठा व्यापारी तोंडाने बोलतो, कारागीर पायाने बोलतो. सरकारला तोंडाचं लवकर ऐकू येतं.

आता पुढे येऊ या. इंग्रजी राज्य स्थिरावलं, गिरण्या निघाल्या. सरकारचं धोरण आणि देशी उद्योग हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट मांडला तो न्यायमूर्ती रानड्यांनी. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली, १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: खुला व्यापार चांगला, हे इंग्लंडच्या पुस्तकात ठीक आहे; पण इंग्लंड स्वतः कसं वर आलं ते बघा. ज्याच्याकडे भांडवल साठलेलं नाही, कौशल्य विखुरलेलं आहे, तिथे सरकारने हात बांधून बसणं हेच एक धोरण असतं, आणि ते दुसऱ्याच्या फायद्याचं असतं.

हे नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं. १८९४ मध्ये सरकारने तिजोरीसाठी आयात कर लावला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली की हिंदी गिरण्यांना आडून संरक्षण मिळतंय. मग काय केलं? हिंदी गिरण्यांच्या मालावरही तेवढाच कर बसवला! १८९६ पासून दोन्हीवर साडेतीन टक्के. स्वतःच्या देशात, स्वतःच्या कापसापासून, स्वतःच्या लोकांसाठी विणलेल्या कापडावर कर, कशासाठी, तर हजारो मैलांवरच्या गिरणीवाल्याला वाईट वाटू नये म्हणून. हा कर शेवटी १९२५च्या डिसेंबरात थांबला. तीस वर्षं. तेव्हा तिथल्या कारखानदारांचं मत सरकारच्या कानापर्यंत पोचत होतं, इथल्या कारखानदारांचं पोचत नव्हतं.

मग आला रुपयाचा वाद. हा मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. आणि आकडेमोड घाबरण्यासारखी नाही, वाण्याच्या वहीतली आहे.

रुपयाला किती पेन्स मिळावेत, सोळा की अठरा? हिल्टन यंग कमिशनने १९२६ मध्ये सांगितलं, अठरा. त्या कमिशनवर सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते, मुंबईचे कापसाचे मोठे व्यापारी. त्यांनी भिन्नमत नोंदवलं: सोळा. मुंबईचे बहुतेक गिरणीवाले आणि व्यापारी त्यांच्या बाजूने.

एवढं काय त्यात? समजा लिव्हरपूलला कापूस विकून दहा पौंड आले. दहा पौंड म्हणजे २४०० पेन्स. रुपया सोळा पेन्सचा असेल तर इथल्या व्यापाऱ्याच्या हातात १५० रुपये पडतात. अठराचा असेल तर १३३ रुपये ५ आणे ४ पै. माल तोच, गिऱ्हाईक तेच, मेहनत तीच, आणि साडेसोळा रुपयांच्या वर रक्कम वाटेतच गेली. उलट बाजूने लँकेशायरचं कापड इथे त्याच प्रमाणात स्वस्त. आणि सरकारला काय? लंडनमध्ये पेन्शनं, व्याज, लष्कराचा खर्च पौंडांत भागवायचा असे. अठराचा रुपया असला की त्यासाठी कमी रुपये लागतात. म्हणजे महाग रुपयाने सरकारचा आणि विलायती गिरणीवाल्याचा फायदा, देशी गिरणीवाल्याचा आणि कापूस पिकवणाऱ्याचा तोटा. गोष्ट किती सरळ झाली! देश एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून साधारण अशीच मांडली जायची.

पण एका माणसाने ती इतकी सरळ राहू दिली नाही. तोही मुंबईचाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९२५ मध्ये त्यांनी याच कमिशनसमोर साक्षही दिली. त्यांनी विचारलेला प्रश्न असा: रुपया उतरला की निर्यात करणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, हे खरं. पण ते जास्तीचे रुपये येतात कुठून? परदेशी गिऱ्हाईक तर पूर्वीइतकेच पेन्स देतंय. त्यांचं उत्तर होतं, की मजुरीतून येतात. रुपया उतरला की धान्य, कापड, सगळ्याचे भाव चढतात. मजुरी लगेच चढत नाही. मजूर तेच आठ आणे घेतो आणि त्यात कमी ज्वारी आणतो. मालकाचा खर्च, वस्तूंच्या हिशेबात, कमी झाला. त्याला आपण म्हणतो स्पर्धेत टिकलो. टिकवलं कोणी? गिरणगावातल्या चाळीतल्या माणसाने, अर्धी भाकरी कमी खाऊन.

यावरून सर पुरुषोत्तमदास खोटं बोलत होते असं समजू नका. अठराच्या दराने शेतकऱ्याचं नुकसान होत होतं ही गोष्ट खरी होती. मुद्दा असा, की कारखानदार जेव्हा म्हणतो "हे देशाच्या हिताचं आहे", तेव्हा ते खोटं असतंच असं नाही. पुष्कळदा अर्धं खरं असतं. उरलेला अर्धा भाग म्हणजे खर्च कोण भरतो. तो कागदावर लिहिलेला नसतो, विचारावा लागतो.

आणि या गोष्टीला एक शेपूट आहे. स्वातंत्र्य मिळालं, आपलं सरकार आलं. अठरा पेन्स बदलले का? नाही. पौंडाशी तोच दर थेट जून १९६६च्या अवमूल्यनापर्यंत राहिला. ज्या दराला आपण परकीय सत्तेचं कारस्थान म्हणत होतो, तो आपल्या सरकारलाही सोयीचा वाटला. आपल्यालाही बाहेरून यंत्रं आणायची होती, धान्य आणायचं होतं. खुर्चीवर बसलं की रुपया महागच बरा वाटतो.

आता समुद्रावर येतो, कारण चौलात जहाजांशिवाय भाषण संपवलं तर लोक नावं ठेवतील. सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९१९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिंधिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून एक जहाज घेतलं, नाव 'लॉयल्टी', आणि ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला नौवहन दिन पाळतो तो त्याचाच.

जहाज घेणं सोपं होतं. माल मिळवणं कठीण. कारण इंग्रजी कंपन्यांनी एक युक्ती काढून ठेवली होती. आपला वाणी कसं करतो? सहा महिने सगळं सामान माझ्याकडूनच घ्या, दिवाळीला काही रक्कम परत देतो. मध्येच दुसऱ्या दुकानात गेलात तर ती बुडाली. जहाजाच्या भाड्याचं तसंच. व्यापाऱ्याच्या भाड्यातला काही भाग कंपनी आपल्याकडे ठेवून घ्यायची आणि पुढचे काही महिने तो एकनिष्ठ राहिला तरच परत द्यायची. नव्या कंपनीने भाडं कमी लावलं तरी व्यापारी हलत नाही, कारण हलला तर मागचे अडकलेले पैसे गेले. आणि त्यातूनही कोणी हललाच, तर मोठी कंपनी त्या मार्गावर भाडं इतकं पाडते की नव्याचा श्वास कोंडतो. निष्ठेच्या अशा बाजारात जहाजाचं नाव 'लॉयल्टी' असावं, हा योगायोग मला नेहमी हसवतो.

वालचंद आणि त्यांच्या बाजूच्या लोकांची मागणी काय होती? किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. १९२८ मध्ये हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसं विधेयक आणलं. कायदा झाला नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र राखीव किनारा हेच धोरण ठरलं. आणि मग? मे २०१८ मध्ये सरकारने निर्यात-आयातीचे कंटेनर एका भारतीय बंदरातून दुसऱ्यात नेण्यासाठी परदेशी जहाजांना वाट मोकळी केली. कारण उलटी तक्रार सुरू झाली होती: आपला माल कोलंबोला जाऊन मोठ्या जहाजात चढतो, आपल्या बंदरांना धंदा मिळत नाही. निर्यातदार खूश, भारतीय जहाजमालक नाराज. दोघंही उद्योगपती, दोघंही देशहिताच्या नावाने बोलणारे. तेव्हा "उद्योगपतींचं मत" असं एक काही नसतंच. कोणाचा माल आणि कोणाचं जहाज, हे आधी विचारायचं.

१९४४ची मुंबई योजना तुम्ही ऐकली असेल. टाटा, बिर्ला, ठाकुरदास, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, अर्देशीर दलाल, अर्देशीर श्रॉफ, जॉन मथाई, या आठ जणांनी काढलेली. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवायचे आणि दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं. आश्चर्य म्हणजे देशातले सगळ्यात मोठे भांडवलदार सांगत होते, की सरकारने नियोजन करावं, नियंत्रणं ठेवावीत, अवजड उद्योगात उतरावं. का? एक तर पोलाद, वीज, यंत्रं यांत घालायला एवढा पैसा खाजगी माणसाकडे नव्हता. दुसरं, परदेशी मालापासून आडोसा हवा होता. आणि तिसरं, हे माझं मत आहे, सरकार आपलं असेल तर नियंत्रणंही आपल्याला विचारून लागतील, असा त्यांचा विश्वास होता.

तो विश्वास किती टिकला? १९५१ मध्ये उद्योगांचा नियमन कायदा आला. कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना. १९५६ मध्ये त्या आठांतल्याच श्रॉफांनी मुंबईत खुल्या उद्योगाचा प्रचार करणारं 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' काढलं. बारा वर्षांत माणूस नियोजनाच्या मसुद्यावरच्या सहीपासून तिथे पोचला. याला मी पलटी म्हणणार नाही. परवान्याचं झाड लावताना त्याची सावली कोणावर पडणार हे कोणालाच दिसत नसतं.

आणि परवान्याचे लाभार्थीही होतेच की. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या लोकांना बजाज स्कूटरचा नंबर आठवत असेल. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची! परवान्याने उत्पादनाला कुंपण घातलं होतं, तसंच बाहेरच्या स्पर्धेलाही. १९९१च्या जुलैमध्ये बहुतेक परवाने गेले. १९९३ मध्ये राहुल बजाज आणि काही मोठे उद्योगपती एकत्र आले, त्या गटाला वृत्तपत्रांनी 'बॉम्बे क्लब' नाव दिलं. त्यांचं म्हणणं, परदेशी कंपन्यांना येऊ द्या, पण मैदान सपाट करा. आम्हाला कर्ज महाग, वीज महाग, कामगार कायदे अवघड. त्यांना भांडवल स्वस्त. लोक हसले. म्हणाले, इतकी वर्षं आडोशाला राहिलात, आता ऊन लागलं का?

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की हसणारे अर्धेच बरोबर होते. कर्ज खरंच महाग होतं. पण पुढे काय झालं ते बघा. २००१ मध्ये बजाजने पल्सर काढली, ज्या स्कूटरवर घराणं उभं राहिलं ती पुढे बंद केली, आणि कंपनी मोटरसायकली परदेशी विकणारी मोठी निर्यातदार झाली. मैदान काही पूर्ण सपाट झालं नव्हतं. ज्याला "टिकणार नाही" वाटत होतं, तो टिकला. म्हणून कारखानदार जेव्हा सांगतो की संरक्षण काढलं तर मी मरेन, तेव्हा त्याच्या अडचणींची यादी नीट वाचायची, पण मरणाच्या भाकितावर सही करायची नाही.

त्याच राहुल बजाजांची आणखी एक आठवण सांगून माझा भाग संपवतो. ३० नोव्हेंबर २०१९, मुंबईत एका पुरस्कार समारंभात व्यासपीठावर केंद्रीय गृहमंत्री बसलेले. बजाज उठले आणि त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की आम्हा उद्योगपतींना सरकारवर उघड टीका करायची भीती वाटते, टीका केली तर तुम्ही ती मनाला लावून घेणार नाही याची खात्री वाटत नाही. गृहमंत्री म्हणाले, घाबरायचं कारण नाही. वाद आठवडाभर चालला. मला त्यात पक्षीय काही बोलायचं नाही. कुठल्याही सरकारला हे लागू करा. ज्याच्या धंद्याचे वायू, वीज, जमीन, परवाने, कर्ज सरकारच्या हातात आहेत, तो व्यासपीठावर जे बोलतो ते त्याचं मत मानायचं की त्याचा अर्ज मानायचा? अर्थसंकल्पाच्या दिवशी दूरचित्रवाणीवर रांगेने बसलेले उद्योगपती दहापैकी नऊ गुण देतात. निकितिनने तक्रार लिहिली ती वहीत. जुन्नरच्या खानासमोर नाही.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली.)

प्रश्न: रेवदंड्याच्या पुलापलीकडे साळावला पोलादाचा कारखाना आहे. पोलाद कंपन्या आयातीवर कर मागतात, सरकार देतंही. हे देशाच्या हिताचं म्हणायचं का?

तुम्ही अगदी दाराशी असलेलं उदाहरण घेतलंत. तो कारखाना विक्रम इस्पात म्हणून सुरू झाला, मग वेलस्पनकडे गेला, मग जेएसडब्ल्यूकडे. तिथे लोखंड तयार करायला नैसर्गिक वायू लागतो, आणि वायू कोणाला किती द्यायचा यात सरकारचा हात असतो. म्हणजे पोलादवाला सरकारशी बोलणं टाळू शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काही सपाट पोलादी मालावर दोनशे दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरता संरक्षण कर लावला, चीनमधून स्वस्त माल येतो म्हणून. ती भीती निराधार नाही. चीनमध्ये गरजेपेक्षा पोलाद जास्त आहे. पण त्याच पोलादाचा पत्रा घेऊन पुण्या-कोल्हापूरकडचा लहान कारखानदार सुटे भाग बनवतो आणि निर्यात करतो. त्याचा कच्चा माल महागला. एक पोलाद कंपनी दिल्लीला एक माणूस पाठवू शकते. शंभर लहान कारखानदार शंभर माणसं पाठवू शकत नाहीत. मी असं बघतो: कर तात्पुरता म्हणून लावलाय ना, मग तो कोणत्या तारखेला उतरणार हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं आहे का, आणि ती तारीख आल्यावर पुढे ढकलली जाते का.

प्रश्न: सर, तुम्ही कारखानदारांचं बोललात. आमच्या सुपारीचं काय? बाहेरून सुपारी येते आणि आमचा भाव पडतो. आम्ही सरकारकडे आडोसा मागितला तर तेही चूक का?

(हशा.) हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नाही, चूक म्हणत नाही. पण मग वाडीवालाही आज माझ्या यादीत बसला, हे कबूल करा.

सुपारीवर १०० टक्के आयात शुल्क आहे. शिवाय किमान आयात किंमत आहे: फेब्रुवारी २०२३ मध्ये ती किलोला २५१ वरून ३५१ रुपये केली, त्याखालच्या किमतीची सुपारी आणायला बंदी. म्हणजे आडोसा पोलादापेक्षा कितीतरी उंच आहे. तरी तुमचा भाव पडतो. का? भिंत उंच झाली की तिला भोक पाडण्यात जास्त नफा मिळतो. सुपारी एका देशात पिकते आणि सवलतीचा करार असलेल्या दुसऱ्या देशाचं नाव लावून येते. कागदावर किंमत फुगवून येते. चोरून तर येतेच. त्यामुळे भिंत आणखी दोन फूट वाढवा म्हणण्यापेक्षा नाक्यावर माल तपासा, मूळ देशाचा दाखला खरा आहे का बघा, ही मागणी तुमच्या जास्त उपयोगाची आहे. ती प्रामाणिक व्यापाऱ्यालाही चालेल.

आणि हेही बघा. काजूच्या बाबतीत सिंधुदुर्गातून दिल्लीला दोन पत्रं जातात. बागायतदार म्हणतो कच्च्या काजूवर आयात कर वाढवा, काजूचा कारखानदार म्हणतो शून्य करा, नाहीतर माझ्याकडच्या बायकांना सहा महिने काम नाही. एकाच जिल्ह्याची, एकाच देशाची दोन हितं. सुपारीत तसं भांडण मोठं नाही, म्हणून तुमचं म्हणणं लवकर ऐकलं जातं. मुंबईच्या पानवाल्याने अजून संघटना करून दिल्लीला निवेदन दिलेलं नाही, एवढंच.

पण तुम्हाला खरी गरज कशाची आहे, ते मला ३ जून २०२०ने शिकवलं. निसर्ग वादळ आलं. उभ्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचं झाड आज लावलं तर उत्पन्नाला येईपर्यंत पाच-सात वर्षं जातात. त्या पाच-सात वर्षांत आयात शुल्क १०० टक्के असो की ३०० टक्के, ज्याच्याकडे विकायला सुपारीच नाही त्याला त्याचा काय उपयोग? त्याला पाहिजे होतं रोप, पडलेली झाडं उचलायला मजुरी, नवी बाग लागेपर्यंतचं कर्ज आणि झाड मोजून ठरणारी भरपाई. नुकसानीचा पंचनामा आधी हेक्टरवर धरला की झाडावर, यावर तेव्हा किती वाद झाला, तुम्हाला आठवत असेल. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या, दाटीने लावलेल्या. हेक्टरच्या हिशेबात हातात किती पडणार? तो शासन निर्णयातला एक शब्द होता, हेक्टर. इथल्या वाडीवाल्यांनी तो शब्द बदलून घेण्यासाठी आवाज केला. मला विचाराल तर चौल-रेवदंड्याहून सरकारकडे गेलेल्या मागण्यांत ती फार मोलाची होती, कारण तिचा फायदा एका भाभण श्रेष्ठीला झाला नसता. ज्याचं झाड पडलं त्या प्रत्येकाला झाला असता.

चला, आठ वाजून गेले. शेवटची एसटी चुकायला नको.